पायोनियर कथा घरात वाचताना आणि खेळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून आणि इकडे मुलांना इंग्रजी पुस्तके वाचून दाखवणाऱ्या पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पायोनियर कथा म्हणजे नेमक्या कोणत्या कथा?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पूर्वेकडील भागातून जमिनीच्या शोधात पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांच्या कथांना हे नाव रूढ आहे. १८४० च्या दशकापासून अशी कुटुंबे कापडी छताच्या बैलगाड्या घेऊन ऑरेगन ट्रेल नावाच्या सुमारे ३,२०० किलोमीटरच्या वाटेने जाऊ लागली. पुढे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून, घर बांधून ती कसणाऱ्याला तिची मालकी मिळण्याची सोय झाली आणि मधल्या गवताळ प्रदेशात, म्हणजे प्रेअरीवर, वस्ती वाढली. मुलांसाठीच्या अशा पुस्तकांत सर्वांत जास्त वाचली जाते ती लॉरा इंगल्स वाइल्डर यांची, स्वतःच्याच बालपणावर आधारलेली ‘लिटल हाउस’ मालिका. त्यांचा जन्म १८६७ मध्ये विस्कॉन्सिनमधील पेपिन गावाजवळ झाला आणि मालिकेतले पहिले पुस्तक १९३२ मध्ये, त्यांच्या वयाच्या पासष्टाव्या वर्षी प्रसिद्ध झाले. आम्हाला येणारे बहुतेक प्रश्न याच मालिकेविषयी असल्याने पुढील उत्तरेही मुख्यतः तिच्याच आधाराने दिली आहेत.

२. कोणत्या वयापासून आणि कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला मालिकेतले पहिले पुस्तक, ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’, मोठ्याने वाचून दाखवता येते. त्यात फारसे कथानक नाही; एका वर्षातली कामे, सण आणि वडिलांनी रात्री सांगितलेल्या गोष्टी आहेत, आणि खेळाच्या दृष्टीने तेच सोयीचे पडते. आणखी एक प्रसिद्ध पुस्तक, ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’, मूल आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत बाजूला ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण प्रश्न १२ मध्ये दिले आहे. ‘द लाँग विंटर’ नऊ-दहा वर्षांच्या मुलाला झेपते. क्रमाने सगळी पुस्तके वाचलीच पाहिजेत असे नाही.

३. पुस्तक इंग्रजीत आहे आणि घरात मराठी बोलतो. वाचायचे कोणत्या भाषेत?

वाचन इंग्रजीत आणि गप्पा व खेळ मराठीत, अशी वाटणी बहुतेक घरांत आपोआप होते आणि ती चांगली आहे. मात्र सुट्टीत आलेल्या आजी-आजोबांना श्रोत्यांत बसवायचे असेल, तर प्रकरण वाचून झाल्यावर मुलाने ते त्यांना मराठीत सांगावे. सांगताना जे गळते आणि जे मूल स्वतःच्या पदरचे घालते, त्यातूनच पुढचा खेळ निघतो. शिवाय विरजण, जाते, गोवऱ्या, चिंध्यांची बाहुली यांतले काहीतरी आजीच्या हाताखालून गेलेले असते. शब्दशः भाषांतर करीत वाचणे तेवढे टाळावे, कारण त्याने वाचणारा दमतो आणि ऐकणारा उठून जातो.

४. खेळासाठी काय काय विकत आणावे लागेल?

काहीही नाही. बॉनेट (हनुवटीखाली बांधायच्या टोप्या), झगे आणि प्लॅस्टिकचे कंदील असलेले तयार संच मिळतात. ते आणले की मूल आरशासमोर उभे राहते आणि खेळ तेथेच संपतो. या कथांमध्ये माणसे सतत काही ना काही काम करीत असतात, त्यामुळे एखादे काम आरंभापासून शेवटापर्यंत हाताने करून पाहणे हा त्यांतला सर्वांत चांगला खेळ आहे. पहिल्या पुस्तकात लॉराची बाहुली म्हणजे रुमालात गुंडाळलेले मक्याचे कणीस असते, आणि माळ्यावर साठवलेले मोठे भोपळे हेच दोघी बहिणींचे टेबल-खुर्च्या असतात. दाणे काढलेले कणीस आणि जुना रुमाल मुलासमोर ठेवून मोठ्यांनी बाजूला व्हावे. ज्यांच्या घरी भातुकली आहे, त्यांना तर वेगळे काही शिकवण्याची गरजच नाही.

मोठ्यांचा मोह असा असतो की प्रत्येक प्रकरणानंतर एक उपक्रम झालाच पाहिजे. तसे केल्यास पुस्तक शाळेच्या गृहपाठासारखे वाटू लागते. चार-पाच प्रकरणे नुसती वाचावीत आणि मूल ज्या गोष्टीविषयी दुसऱ्या दिवशी आपणहून बोलते, तेवढीच खेळायला घ्यावी.

५. आमचे घर दोन खोल्यांचे आहे. प्रवासाचा खेळ कसा जमवायचा?

लहान घर येथे उलट उपयोगी पडते. ऑरेगनच्या वाटेवरच्या गाडीचा सांगाडा साधारण दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे. एवढा चौकोन खडूने किंवा चिकटपट्टीने जमिनीवर आखावा आणि घरातल्या सर्वांनी त्यात बसून पाहावे. त्यानंतर सामान भरावे. १८४५ च्या एका प्रवासी मार्गदर्शिकेत एका प्रौढ माणसामागे २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो पीठ, १५० पौंड खारवलेले डुकराचे मांस, २० पौंड साखर, १० पौंड कॉफी आणि १० पौंड मीठ घ्यावे असे सांगितले होते. पाच किलोच्या पिठाच्या पिशव्या किती लागतील याचा हिशेब मुलांनाच करू द्यावा. चौकोन धान्यानेच भरतो आणि बसायला जागा उरत नाही, हे त्यांना आपोआप कळते. खरोखर तसेच होते. गाडीला स्प्रिंग नसल्याने बसणे त्रासाचे असे आणि बैलांवरचा भार वाचवायचा असे, म्हणून धडधाकट माणसे आणि मुले चार ते सहा महिने गाडीशेजारून चालत जात, दिवसाला साधारण २४ किलोमीटर.

पुढचा टप्पा सामान कमी करण्याचा. बैल थकले, चढ आला, नदी ओलांडायची आहे, असे सांगून प्रत्येकाने आपली एक वस्तू चौकोनाबाहेर ठेवायची. त्या वाटेच्या कडेला लोखंडी चुली, कपाटे आणि पेट्या टाकून दिलेल्या आढळत. मुले पुस्तक टाकायला तयार होतात आणि खेळणे टाकायला तयार होत नाहीत, किंवा याच्या नेमके उलट. त्यावर भाष्य करू नये.

फासे टाकून संकटे आणायची असतील, तर ती खरी आणावीत. या वाटेवर माणसे सर्वाधिक दगावली ती पटकीसारख्या रोगांनी. गाडीखाली सापडणे, नदीत बुडणे आणि स्वतःचीच बंदूक चुकून उडणे यांनीही अनेक जण गेले. हल्ल्यांत मेलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी होती, त्यामुळे हल्ल्याची चिठ्ठी ठेवूच नये. इंधन गोळा करणे हे मुलांचे काम असे, आणि झाडे नसलेल्या मैदानात ते इंधन म्हणजे बायसनचे, म्हणजे तिकडच्या रानगव्यासारख्या जनावराचे, वाळलेले शेण. गोवऱ्या थापलेल्या पाहिलेल्या मुलांना याचे मुळीच नवल वाटत नाही. अमेरिकेत वाढलेली मुले मात्र हसून लोळतात.

६. स्वयंपाकघरात मुलांना काय करू द्यावे?

लोण्यापासून सुरुवात करावी. पहिल्या पुस्तकात लॉराची आई चिनीमातीच्या उभ्या बरणीत लाकडी दांडा वरखाली करून लोणी काढते, आणि हिवाळ्यात साय पांढरी असते म्हणून किसलेले गाजर दुधात गरम करून त्याचा पिवळा रस सायीत घालते. घरी झाकणाच्या बरणीत अर्ध्यापर्यंत घट्ट क्रीम घेऊन आळीपाळीने हलवावे. अमेरिकेत ‘हेवी क्रीम’ नावाने मिळते ते चालते. भारतात डब्यात मिळणारी कमी स्निग्धांशाची क्रीम सहजासहजी लोणी सोडत नाही. त्यापेक्षा घरची साठवलेली साय विरजून घ्यावी. आधी सगळे फेसाळते, मग घट्ट होते आणि बरणी हलेनाशी होते. बरीच मुले येथे हात टेकतात. त्यानंतर एकाएकी ताक सुटते. मिक्सर लावला तर हे दोन मिनिटांत होते, पण मग खेळायला काही उरत नाही.

बर्फावर ओतलेल्या पाकाविषयीही फार विचारणा होते. पुस्तकात काकवीसारख्या मोलॅसिसचा आणि साखरेचा पाक ताटलीतल्या ताज्या बर्फावर धारेने ओतून त्याच्या वेटोळ्या गोळ्या करतात. मेपलच्या पाकाचेही तसेच होते. गूळ किंवा काकवी गोळीबंदच्या पुढे, पाण्यात टाकल्यावर कडक होईपर्यंत शिजवावी आणि किसलेल्या बर्फावर ओतावी. हा पाक उकळत्या पाण्याहून बराच गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो, म्हणून ओतण्याचे काम मोठ्यांचेच; मुलांनी ताटली तयार करावी आणि गोळ्या उचलाव्यात. ओतताना लहान भावंडांना ओट्यापासून दूर बसवावे.

७. ‘द लाँग विंटर’मधला हिवाळा खेळून पाहता येतो का? आमच्याकडे तर थंडीच पडत नाही.

थंडी लागत नाही, कंटाळा लागतो. १८८० च्या ऑक्टोबरात डाकोटातील डी स्मेट गावावर पहिले हिमवादळ आले, जानेवारीत आगगाड्या बंद पडल्या आणि त्या थेट मे महिन्यात सुरू झाल्या. दळलेले पीठ संपले, कोळसा संपला, रॉकेल संपले. इंगल्स कुटुंब कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात बियाण्याचा गहू आळीपाळीने दळून त्याचीच भाकरी करीत होते आणि वाळलेल्या गवताचे पीळ घालून ते चुलीत जाळत होते.

रविवारची एक दुपार यासाठी राखून ठेवावी. पंखा-दिवे-फोन बंद, एकच खोली, आणि वाटीभर गहू जात्यावर किंवा हाताच्या कॉफी मिलवर दळायचा. जे पीठ निघेल त्याचीच चपाती, आणि ती सगळ्यांत वाटायची. पेंढा किंवा वाळलेले गवत मिळाल्यास त्याचे पीळ करून पाहावेत, मात्र ते पेटवू नयेत. पुस्तकात आई बटणाला चिंधी गुंडाळून, वंगणाच्या बशीत ठेवून दिवा करते. निरांजनात फुलवात ठेवणाऱ्या घरात ही युक्ती मुलांना लगेच उमगते. बाकीचा वेळ पाठांतर, गाणी आणि जुनी वर्तमानपत्रे. तासाभरात मुले कुरकुरतील, तेव्हा लगेच दिवे लावून त्यांना सोडवू नये; आणखी थोडा वेळ थांबले, की ती स्वतःच काहीतरी खेळ काढतात.

८. मुलगा म्हणतो, ही मुलींची पुस्तके आहेत.

त्याला ‘फार्मर बॉय’ द्यावे. ही लॉराच्या नवऱ्याच्या, आल्मान्झोच्या बालपणाची कथा आहे आणि ती न्यूयॉर्क राज्यातल्या मलोनजवळच्या सुस्थिर शेतावर घडते, म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर ती पायोनियर कथा नव्हेच. गोऱ्ह्यांची जोडी जुंपायला शिकवणे आणि पानोपानी जेवणाची वर्णने यांवर मुले खूश असतात. वाचनापूर्वी जेवून घ्यावे.

९. टीव्ही मालिका किंवा संगणकावरचा खेळ चालेल का?

पुस्तकानंतर चालेल. १९७४ ते १९८३ या काळात चाललेली दूरदर्शन मालिका पुस्तकांपासून फार दूर जाते आणि मुलाच्या मनातल्या चेहऱ्यांची जागा नटांचे चेहरे घेतात. ‘द ऑरेगन ट्रेल’ हा संगणकीय खेळ १९७१ मध्ये मिनियापोलिसच्या शाळेत इतिहास शिकवण्यासाठी तयार झाला; रोग आणि रसद यांचा हिशेब त्यात बरा आहे. तोच हिशेब प्रश्न ५ मधल्या चौकोनात सर्वांना मिळून करता येतो, म्हणून आमचा कल चौकोनाकडे आहे.

१०. आम्ही शाकाहारी आहोत. डुक्कर मारण्याचे प्रकरण गाळावे का? आणि बापाचा पट्टा, बंदुका यांचे काय?

डुकराच्या प्रकरणात मूत्राशय फुगवून मुली त्याचा चेंडू खेळतात आणि भाजलेली शेपटी मिटक्या मारीत खातात. हे ऐकून मुलांपेक्षा पालकच अधिक अस्वस्थ होतात, असा आमचा अनुभव आहे. त्या जंगलात हिवाळ्यात काही उगवत नाही, त्यामुळे शरद ऋतूत जे साठवले तेच वसंतापर्यंत पुरवायचे असते. एवढे सांगितले की मुलाला कारण पटते. तरीही घरातील कोणाला ते नको असेल, तर ते पान उलटून साठवणीचा भाग वाचावा आणि खेळात कांद्याच्या वेण्या, मिरच्यांच्या माळा व भोपळे यांचा माळा भरावा.

पहिल्याच पुस्तकात केसांच्या रंगावरून झालेल्या भांडणात लॉरा बहिणीला चापट मारते आणि वडील तिला पट्ट्याने मारतात. हे वाचून थांबावे आणि मुलाला काय वाटले ते विचारावे. त्या काळी असेच होते, एवढे म्हणून प्रसंग मिटवू नये. बंदुकीबाबत आमचे मत थोडे वेगळे आहे. खेळात ती आलीच, तर पुस्तकातल्यासारखी ठासणीची यावी: शिसे वितळवून गोळ्या ओतायच्या, दारू भरायची, गज मारायचा, आणि एका वेळी एकच बार. एवढा सगळा अभिनय करावा लागला, की धडाधड गोळीबार आपोआप बंद होतो.

११. या पुस्तकांतले सगळे खरे आहे का?

आधार खऱ्या आयुष्याचा आहे. मांडणी कादंबरीची आहे. कॅन्ससमध्ये इंगल्स कुटुंब १८६९ ते १८७१ या काळात होते, म्हणजे लॉरा तेव्हा दोन ते चार वर्षांची होती. पुस्तकात ती मोठी आहे. १८७५ मध्ये जन्मून पुढच्याच वर्षी वारलेला तिचा भाऊ आणि आयोवातील बर ओक गावातला काळ पुस्तकांत आलेलाच नाही. लेखनाला आकार देण्यात त्यांची मुलगी रोझ वाइल्डर लेन हिचा मोठा वाटा होता. वाइल्डर यांनी मोठ्यांसाठी लिहिलेले मूळ आत्मकथन ‘पायोनियर गर्ल’ टिपांसह २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले असून, जिज्ञासू पालकांनी ते स्वतःसाठी अवश्य वाचावे.

मालिकेतला टोळधाडीचा प्रसंग मात्र अक्षरशः खरा आहे. १८७० च्या दशकात मिनेसोटात टोळांनी सलग काही वर्षे पिके फस्त केली. ती टोळांची जात पुढे पूर्णपणे नष्ट झाली आणि तिचे शेवटचे जिवंत नमुने १९०२ मध्ये मिळाले. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर भागात आलेले टोळ वेगळ्या, वाळवंटी जातीचे होते. विदर्भातल्या शेतकरी घरांत तो अनुभव ताजा आहे. तेथील मुलांना हे प्रकरण समजावून सांगावे लागत नाही.

१२. मुलांना पिसे लावून ‘रेड इंडियन’ व्हायचे आहे. होऊ द्यावे का?

नाही. पिसे, तोंडाला रंग आणि आरोळ्या हा खेळ कोणत्याही खऱ्या समाजाचा नाही. पण नुसती मनाई करून भागत नाही, कारण मुलाला ही कल्पना पुस्तकातूनच मिळालेली असते.

‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’मधले घर ओसेज या मूळ रहिवासी लोकांच्या राखीव प्रदेशात बांधले होते. ती जमीन तेव्हा होमस्टेड कायद्याखाली खुली नव्हती, आणि इंगल्स कुटुंबाला तेथे राहण्याचा अधिकार नव्हता. ओसेज लोक वर्षातून दोनदा पश्चिमेला बायसनच्या शिकारीसाठी जात असत आणि दरम्यान त्यांच्या जमिनीत हजारो वसाहतकार घुसले. १८७० मध्ये ओसेजांना ती जमीन विकून आजच्या ओक्लाहोमात जाणे भाग पडले. पुस्तकातल्या वाक्यांवरही वाद झाला: १९३५ च्या आवृत्तीत त्या प्रदेशात माणसेच नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचे एक वाक्य होते, एका वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ऐवजी ‘वसाहतकार’ असा बदल केला गेला. वाइल्डर यांच्या नावाचा बालसाहित्य पुरस्कार २०१८ पासून वेगळ्या नावाने दिला जातो. लॉराची आई मूळ रहिवाशांविषयी जे बोलते, ते आजही पुस्तकात आहे.

आम्ही ही वाक्ये गुपचूप गाळत नाही. वाचतो आणि थांबतो. खेळासाठी नकाशा काढावा. आधी व्हर्डिग्रिस नदी, ओसेजांची गावे आणि त्यांची शिकारीची वाट. मग त्याच कागदावर इंगल्सांचे घर. घराच्या अगदी जवळून लोक का जात-येत होते, हे पुस्तकात आईला कळत नाही; नकाशा काढणाऱ्या मुलाला कळते. सोबत लुईस एर्ड्रिच यांचे ‘द बर्चबार्क हाउस’ (१९९९) वाचावे. सुपीरियर सरोवरातल्या मॅडेलिन बेटावर १८४७ मध्ये राहणाऱ्या ओमाकायास या ओजिब्वे मुलीचे ते एक वर्ष आहे. त्यात देवीच्या साथीने घरातली माणसे जातात, हे आधी ठाऊक असू द्यावे. दोनपैकी एकच पुस्तक वाचायला वेळ असेल, तर आम्ही हे दुसरे निवडू.

१३. शाळेत ‘पायोनियर डे’ आहे. मुलीने विचारले, “तेव्हा माझ्यासारखी कोणी असती का?” काय सांगावे?

खरे ते सांगावे. सगळे वसाहतकार गोरे नव्हते. कॅन्ससमधील निकोडेमस हे गाव १८७७ मध्ये गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसवले. ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’मध्ये हिवतापाने पडलेल्या इंगल्स कुटुंबाला औषध देणारे डॉक्टर टॅन हे खरोखरचे कृष्णवर्णीय डॉक्टर होते, आणि डॉक्टर-डॉक्टर खेळायला हा प्रसंग उत्तम आहे, शेजारीण कलिंगडाला दोष देते आणि खरा दोषी असतो डास. भारतातून आलेल्या माणसाला मात्र होमस्टेड मिळणे जवळपास अशक्यच होते. त्यासाठी अमेरिकेचे नागरिक असणे किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणे आवश्यक होते, नागरिकत्वाचा कायदा वर्णावर आधारलेला होता आणि भारतीयांना तो मार्ग खऱ्या अर्थाने १९४६ मध्ये मोकळा झाला.

तरी एक नाव देता येते. लॉरापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या. त्याच काळात तिकडे डाकोटात लॉरा कुटुंबासाठी पैसे मिळवायला शाळेत शिकवत होती. शाळेच्या दिवशी नऊवारी नेसून आनंदीबाई होण्याचा पर्याय मुलीसमोर ठेवावा. बाई हरकत घेतील असे वाटत असेल, तर आधी दोन ओळींची चिठ्ठी पाठवावी.

१४. आम्ही मिनेसोटात राहतो. प्रत्यक्ष जागा पाहायला मुलांना न्यावे का?

वाचून झाल्यावर न्यावे. पेपिन मिनियापोलिसपासून सुमारे दीड तासावर आहे. तेथे ओंडक्यांच्या घराची प्रतिकृती आहे. वॉलनट ग्रोव्हजवळ प्लम क्रीक या ओढ्याच्या काठावर इंगल्स कुटुंब जमिनीत खणलेल्या घरात राहत असे. आता तेथे फक्त खळगा दिसतो, आणि मुलांना नेमका तोच आवडतो. डी स्मेटला लॉराच्या वडिलांनी लावलेली कॉटनवुडची झाडे आहेत. त्यांचे फिडल, म्हणजे व्हायोलिन, मिसुरीतील मॅन्सफील्डच्या संग्रहालयात आहे, पण तेवढ्यासाठी एवढे लांब जाणे लहान मुलांच्या दृष्टीने जरा जडच. यांतली बरीच ठिकाणे हिवाळ्यात बंद असतात किंवा थोडाच वेळ उघडी असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि क्रीकमध्ये उतरण्यासाठी मुलांचे जादा कपडे सोबत घ्यावेत.